एकाच हाताचे रेणू कसे घडवतात

नमस्कारासाठी हात जोडले की डावा तळवा उजव्यावर नेमका बसतो आणि बोटाला बोट भिडते. तेच दोन हात, तळवे जमिनीकडे करून, एकावर एक ठेवले तर मात्र एकाचा अंगठा दुसऱ्याच्या करंगळीकडे जातो, आणि ते कसेही फिरवले तरी जुळत नाहीत. दोन्ही हातांत हाडे तितकीच आणि त्यांची जोडणीही तीच असते. फरक एवढाच की एक हात दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब आहे. कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की त्या रेणूची स्थिती नेमकी हीच होते. अशा रेणूंना ‘कायरल’ म्हणतात, आणि हा शब्द हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. कार्बनचे चार बंध एका पातळीत नसून चौफलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात, ही कल्पना व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ साली स्वतंत्रपणे मांडली, तेव्हा या डाव्या-उजव्या जोड्यांचे कारण प्रथमच उलगडले.

हा फरक केवळ कागदावरचा नाही, हे नाकाला कळते. कार्व्होन नावाचा एक रेणू पहाडी पुदिन्याच्या तेलात असतो आणि त्याचे प्रतिबिंब बाळंतशेपा व शहाजिऱ्याच्या तेलात असते. दोहोंचे रेणुसूत्र, उत्कलनबिंदू आणि घनता एकच आहेत. तरीही एक हुंगल्यावर पुदिन्याची चटणी आठवते आणि दुसरा हुंगल्यावर मसाल्याचा डबा, कारण नाकातली ग्राहक प्रथिने स्वतःच एका हाताची असतात. उजव्या हातमोज्यात डावा हात घातला की तो जसा अडतो, तसाच हा प्रकार. शरीरातली जवळजवळ सगळी यंत्रणा एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असल्यामुळे औषधाच्या डाव्या आणि उजव्या रूपांना शरीर दोन वेगळे पदार्थ मानते.

या विषयावर बोलताना थॅलिडोमाइडचे उदाहरण हमखास दिले जाते. पश्चिम जर्मनीत १९५७ साली बाजारात आलेल्या या झोपेच्या औषधामुळे जगभर दहा हजारांहून अधिक मुले अवयवांतील व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेण्यात आले. ‘एक हात झोप आणणारा, दुसरा घातक, शुद्ध गोळी दिली असती तर अनर्थ टळला असता’ असे नंतर सांगितले जाऊ लागले. माझ्या मते हे उदाहरण सोयीचे असले तरी पुरते खरे नाही, कारण थॅलिडोमाइडची दोन्ही रूपे शरीरात गेल्यावर एकमेकांत बदलत राहतात आणि शुद्ध रूप दिले तरी काही तासांत मिश्रणच उरते. एका हाताचे औषध बनवण्याची खरी गरज पटवून देणारे उदाहरण दुसरे आहे, ते म्हणजे लेव्होडोपा, आणि असममित संश्लेषणाची, म्हणजे एकाच हाताचे रेणू घडवण्याच्या विद्येची, कारखान्यातली गोष्ट सुरू होते तीही त्याच्यापासूनच.

त्याआधी एक अडचण समजून घ्यायला हवी. प्रयोगशाळेत साध्या मार्गाने कायरल रेणू बनवला तर दोन्ही हात नेमके निम्मेनिम्मे तयार होतात. असे का, हे कळले की पुढचे सगळे सोपे जाते. समजा, दुहेरी बंध असलेला एक सपाट रेणू आहे आणि त्याच्यावर हायड्रोजन बसवायचा आहे. सपाट रेणूला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात. हायड्रोजन वरून आला तर एक हात तयार होतो, खालून आला तर दुसरा. कोकणातून देशावर चढणारे दोन घाट डोळ्यांपुढे आणावेत, ज्यांतला एक दुसऱ्याचे हुबेहूब प्रतिबिंब आहे. दोहोंची उंची तंतोतंत सारखी, त्यामुळे वाटसरूंनी त्यांतला एक पसंत करावा असे काहीच कारण नाही. रसायनशास्त्रात या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात, आणि डावे-उजवेपण नसलेल्या साधनांनी हे दोन चढ कधीही कमीजास्त करता येत नाहीत. तापमान, दाब, ढवळणे यांपैकी काहीही बदलले तरी दोन्हींवर परिणाम सारखाच होतो.

मग निम्मेनिम्मे मिश्रण बनवून ते नंतर वेगळे करणे हा एक मार्ग उरतो. लुई पाश्चरने १८४८ साली, वयाच्या पंचविशीत, टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहून डावे आणि उजवे असे चिमट्याने वेगळे केले, आणि त्यांची द्रावणे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल परस्परविरुद्ध दिशांना वळवतात हे दाखवले. काम अपूर्व होते, पण सगळेच पदार्थ असे समजूतदारपणे वेगवेगळे स्फटिक देत नाहीत. सहसा मिश्रणात दुसरा एखादा एका हाताचा पदार्थ घालून क्षार बनवावा लागतो आणि मग विद्राव्यतेतल्या फरकावर ते वेगळे काढावे लागतात. शिवाय एवढे करून निम्मा माल नको असलेल्या हाताचा निघतो. तो टाकून द्यावा लागतो किंवा पुन्हा मिश्रणात रूपांतरित करून सगळी खटपट नव्याने करावी लागते. टनावारी उत्पादन असेल तर हा हिशेब परवडत नाही.

लेव्होडोपाची हीच स्थिती होती. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी पडते. डोपामिन थेट दिले तर ते मेंदूत पोहोचत नाही, पण लेव्होडोपा पोहोचतो आणि तिथे त्याचे डोपामिन होते. खाजकुइलीच्या बियांत हा पदार्थ निसर्गतःच असतो, आणि वनस्पती तो एकाच हाताचा बनवते. १९६० च्या दशकात सुरुवातीच्या चाचण्या दोन्ही हातांच्या मिश्रणावर झाल्या, तेव्हा काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्याचे दिसले. डावे रूप वेगळे काढून दिल्यावर कमी मात्रेत काम भागू लागले. म्हणजे उजवे रूप केवळ निरुपयोगी नव्हते, तर अंगावर येणारे होते. मागणी एकाएकी वाढली आणि अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या मॉन्सॅन्टो कंपनीत विल्यम नोल्स या प्रश्नाकडे वळले. कंपनी व्हॅनिलिन बनवत असे आणि त्यापासून लेव्होडोपाचा अर्धवट टप्पा, अर्थात मिश्रण स्वरूपातच, एका औषध कंपनीला पुरवत असे. त्यामुळे प्रश्न हाताशीच होता.

नोल्स यांची कल्पना सांगायला सोपी आहे. ऱ्होडियम धातूभोवती फॉस्फरस असलेले गट, म्हणजे लिगँड, जोडून बनवलेला एक उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, जेफ्री विल्किन्सन यांनी तेव्हा नुकताच प्रसिद्ध केला होता. तो द्रावणात विरघळून दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवत असे. त्यातले साधे फॉस्फीन, म्हणजे फॉस्फरसचा गट, काढून त्या जागी एका हाताचे फॉस्फीन बसवले तर? धातूभोवतीची जागाच डावी किंवा उजवी होईल, आणि मग दोन घाट एकमेकांची प्रतिबिंबे राहणार नाहीत. उत्प्रेरक आणि रेणू मिळून जी रचना होते ती एका बाजूने आल्यास ‘डाव्या हातात डावा हात’ अशी आणि दुसऱ्या बाजूने आल्यास ‘डाव्या हातात उजवा हात’ अशी असते. हस्तांदोलन करून पाहिले की या दोन जोड्या सारख्या नाहीत हे कुणालाही कळेल. सारख्या नाहीत म्हणजे त्यांची ऊर्जाही सारखी नाही, आणि एक घाट दुसऱ्यापेक्षा थोडा बुटका झाला.

१९६८ मध्ये नोल्स यांनी हे करून पाहिले. पहिला निकाल आला तो १५ टक्के आधिक्याचा. आधिक्य म्हणजे एका हाताच्या टक्क्यांतून दुसऱ्याचे टक्के वजा केल्यावर जे उरते ते. १५ टक्के आधिक्य म्हणजे साडेसत्तावन्नास साडेबेचाळीस. कारखान्याच्या दृष्टीने हे काहीच नव्हते, पण तत्त्व सिद्ध झाले होते. त्यानंतर फॉस्फरसवरचे गट बदलत, त्यातल्या एकात ऑक्सिजन आणून, एकेक पायरी चढत हे आधिक्य ८८ टक्क्यांपर्यंत गेले, आणि मग दोन फॉस्फरस एका पुलाने जोडलेले ‘डायपॅम्प’ नावाचे लिगँड आल्यावर ९५ टक्क्यांवर पोहोचले. उरलेली भेसळ स्फटिकीकरणात मागे राहते. १९७० च्या दशकात मॉन्सॅन्टोने याच पद्धतीने लेव्होडोपा बनवायला सुरुवात केली. धातूचा कायरल उत्प्रेरक वापरून उद्योगात चाललेली ही पहिली प्रक्रिया मानली जाते.

९५ टक्के आधिक्य म्हणजे साडेसत्त्याण्णवास अडीच. दोन घाटांच्या उंचीत एवढ्यासाठी किती फरक लागत असेल? खोलीच्या तापमानाला एकास दहा असे प्रमाण हवे असेल तर सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल पुरतात. एकास शंभर हवे असेल तर सुमारे २.७. इथेनसारख्या साध्यासुध्या रेणूत दोन कार्बनमधला बंध स्वतःभोवती फिरतानाही सुमारे ३ किलोकॅलरींचा अडथळा लागतो. या विद्येची सारी मेहनत आणि सारी नाजूकता या आकड्यात आहे, असे मला वाटते. रसायनशास्त्रज्ञाला डोंगर हलवायचा नसतो. एका घाटाच्या माथ्यावरून दोन-तीन हात माती काढायची असते, पण ती नेमक्या त्याच घाटावरून निघाली पाहिजे. एवढा लहान फरक आधी गणिताने सांगणे अवघड असते, म्हणून आजही नवे लिगँड शोधताना डझनांनी, कधी शेकड्यांनी करून पाहावी लागतात.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उत्प्रेरक आणि रेणू यांचे नाते कुलूप आणि किल्लीसारखे असते, जो हात नीट बसतो त्याचाच पदार्थ बनतो, असे शाळेपासून सांगितले जाते. शिकागोच्या जॅक हॅल्पर्न यांनी १९८० च्या दशकात नोल्स यांच्या प्रकारच्या अभिक्रियांचा पायरीपायरीने अभ्यास केला आणि जे दिसले ते याच्या उलट होते. उत्प्रेरकाला रेणू दोन तऱ्हांनी चिकटतो. त्यातली जी तऱ्हा अधिक स्थिर असते, जी द्रावणात जास्त प्रमाणात दिसते, तिच्यातून पदार्थ जवळजवळ बनतच नाही. जी तऱ्हा थोडी आणि अस्थिर असते, तीच हायड्रोजनशी शेकडो पट वेगाने अभिक्रिया करते आणि जवळजवळ सगळा माल तिच्यातून निघतो.

एसटी स्थानकावरच्या दोन तिकीट खिडक्यांची कल्पना करावी. एकीपुढे लांब रांग आहे आणि आतला कारकून संथ आहे. दुसरीपुढे दोन-चारच माणसे, पण तिथला कारकून विजेसारखा. माणसांना रांग बदलायची मोकळीक असेल तर दिवसअखेर बहुतेक तिकिटे छोट्या रांगेच्या खिडकीतून गेलेली असतील. लांब रांग बघून ‘इथेच जास्त तिकिटे निघत असणार’ असा अंदाज बांधणारा फसेल, आणि द्रावणात मुख्यतः काय दिसते यावरून पदार्थाचा हात सांगू पाहणारा रसायनशास्त्रज्ञही असाच फसतो. या चित्रातून एक चमत्कारिक गोष्टही उलगडते. हायड्रोजनचा दाब वाढवला तर या अभिक्रियांतली निवड बिघडते. दाब वाढला की दोन्ही खिडक्या वेगाने चालतात, पण माणसांना रांग बदलायला वेळ तितकाच लागतो, म्हणून लांब रांगेतली माणसे तिथूनच तिकीट काढून मोकळी होतात. तापमान उतरवल्यावरही इथे असेच होते. एरवी थंडीत निवड सुधारते. घाटांतला जो फरक खोलीच्या तापमानाला दहास एक देतो, तोच शून्याखाली ७८ अंशांवर सुमारे चौतीसास एक देईल. पण रांग बदलणेच थिजले तर हा नियम उलटा फिरतो. निवड होते ती वेगाच्या शर्यतीत, बसण्याच्या नेमकेपणात नव्हे, ही गोष्ट लक्षात राहिली तरी या विषयातली निम्मी गुंतागुंत सुटते.

जपानमध्ये र्‍योजी नोयोरी यांनी याच वाटेवर दुसरा मोठा टप्पा गाठला. क्योटोत १९६६ साली त्यांनी तांब्याच्या कायरल उत्प्रेरकावर केलेल्या प्रयोगात आधिक्य दहा टक्क्यांच्याही आतच होते. पुढे नागोयात असताना त्यांनी आणि हिदेमासा ताकाया यांनी कित्येक वर्षे खपून बनवलेले ‘बिनॅप’ नावाचे लिगँड १९८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यात नॅफ्थलीनचे दोन जोडवलये एका बंधाने जोडलेली असतात आणि दाटीमुळे ती एकमेकांना ओलांडून फिरू शकत नाहीत, म्हणून सगळा रेणू मळसूत्रासारखा एका दिशेने पिळलेला राहतो. धातूच्या समोरून पाहिले तर चार खणांची खिडकी दिसावी आणि तिचे कर्णावरचे दोन खण बंद, दोन उघडे असावेत, तशी जागा तयार होते. रेणूचा जाडजूड भाग उघड्या खणात यावा लागतो, आणि तेवढ्याने कोणती बाजू पुढे येणार हे ठरते.

बिनॅपचा सर्वांत गाजलेला उपयोग मेंथॉल बनवण्यात झाला. डोकेदुखीचा बाम, खोकल्याच्या गोळ्या आणि टूथपेस्ट यांतला गारवा मेंथॉलचा असतो. त्याच्या रेणूत हात ठरवणारे तीन कार्बन आहेत, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन अशी आठ रूपे संभवतात, आणि हवा तो गारवा त्यातल्या एकाच रूपात आहे. जपानच्या ताकासागो कंपनीने १९८० च्या दशकात सुरू केलेल्या प्रक्रियेत मिर्सीन या पदार्थापासून एक अमाइन बनवतात आणि ऱ्होडियम-बिनॅप उत्प्रेरक त्यातला दुहेरी बंध एका जागेवरून शेजारी सरकवतो. सरकताना नवा कायरल कार्बन तयार होतो, तोही ९६ टक्क्यांहून अधिक आधिक्याने. त्यातून मिळणारे सिट्रोनेलाल झाडांपासून मिळणाऱ्या सिट्रोनेलालपेक्षाही शुद्ध हाताचे असते. पुढे झिंक ब्रोमाइड वापरून साखळीचे वलय करतात, आणि इथे खरी गंमत आहे. उरलेल्या दोन कार्बनांसाठी पुन्हा कायरल उत्प्रेरक लागत नाही. वलय बंद होताना मोठे गट एकमेकांपासून दूर राहतील अशीच बैठक रेणू पसंत करतो, त्यामुळे पहिल्याचा हात ठरला की बाकीचे दोन त्याच्या मागोमाग ठरतात. उत्प्रेरकाने आठातून एक निवडला असे म्हणण्यापेक्षा त्याने दोनातून एक निवडला आणि उरलेले काम रेणूने स्वतः केले, असे म्हणणे जास्त अचूक होईल. उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकीच्या परिसरात, जपानी पुदिन्याची शेती करून नैसर्गिक मेंथॉल काढले जाते, आणि बाजारात त्याची स्पर्धा या अशा कारखानी मेंथॉलशी असते.

नोल्स आणि नोयोरी यांनी हायड्रोजन चढवला, तर अमेरिकेत बॅरी शार्पलेस यांनी ऑक्सिजन. १९८० मध्ये त्सुतोमु कात्सुकी यांच्यासह त्यांनी टायटॅनियम आणि टार्टारिक आम्लाचा एस्टर यांची जोडी वापरून दुहेरी बंधावर एका बाजूने ऑक्सिजन बसवायची पद्धत दिली. नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस या तिघांना २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पित्तावर घेतल्या जाणाऱ्या एसोमेप्राझोलच्या उत्पादनात याच जोडीचे सुधारित रूप वापरले गेले, आणि तिथे हात कार्बनचा नसून गंधकाच्या अणूचा आहे. धातूशिवायही हे जमते असे बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांनी २००० साली दाखवले. लिस्ट यांनी तर प्रोलिन हे साधे अमिनो आम्लच उत्प्रेरक म्हणून वापरले. या दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले.

उद्योगात धातू, सेंद्रिय उत्प्रेरक आणि विकर (एन्झाइम) यांची चुरस चालूच आहे. मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन, जे भारतात २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर बरेच स्वस्त झाले, ते आधी ऱ्होडियमच्या उत्प्रेरकाने, हायड्रोजनच्या चढ्या दाबाखाली बनवत असत आणि शेवटी ऱ्होडियमचा अंश काढून टाकावा लागे. २०१० मध्ये मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी या कामासाठी एक विकर पिढ्यांमागून पिढ्या बदलत घडवले. मूळ विकराला हा रेणू आत घेताही येत नव्हता; अखेरीस मिळालेल्या विकराने ९९.९५ टक्क्यांहून अधिक आधिक्य दिले आणि धातूची गरजच उरली नाही.

आता एक प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडलाच असेल. हात नसलेल्या साधनांनी हात निर्माण होत नाही, तर मग उत्प्रेरकाचा हात कुठून येतो? उत्तर असे की तो नेहमी उसना आणलेला असतो. शार्पलेस यांचे टार्टारिक आम्ल द्राक्षांतून, वाईनच्या पिंपातल्या गाळातून येते. तेच, पाश्चरच्या हाती लागलेले. फ्रान्सच्या आंरी कागान यांनी १९७१ मध्ये ‘डायॉप’ हे लिगँड त्याच आम्लापासून बनवले. बिनॅपचे दोन हात वेगळे करायला कापराचे किंवा टार्टारिक आम्लाचे साधित वापरतात. आणि नोल्स यांच्या फॉस्फीनांचा हात ठरवायला वापरला गेला होता मेंथॉल, म्हणजे पुदिन्याने आपला हात लिगँडला दिला आणि लिगँडने तो लेव्होडोपाला. विरजणाच्या चमचाभर दह्याने पातेलेभर दूध आपल्या वळणावर न्यावे, तसे हे चालते. उत्प्रेरकाचा एक रेणू हजारो रेणूंना आपला हात देतो.

फरक एवढाच की विरजणातून आणखी विरजण तयार होते आणि उत्प्रेरकातून उत्प्रेरक तयार होत नाही. याला एक अपवाद सापडला आहे. टोकियोच्या केन्सो सोआई यांनी १९९५ मध्ये अशी अभिक्रिया प्रसिद्ध केली जिच्यात तयार होणारा पदार्थच स्वतःचा उत्प्रेरक असतो आणि आपल्याच हाताचे आणखी रेणू घडवतो. पुढे त्यांच्या गटाने दाखवले की सुरुवातीचे आधिक्य ०.००००५ टक्के इतके नगण्य असले, तरी लागोपाठ तीन फेऱ्यांत ते ९९.५ टक्क्यांच्या वर जाते.